अन्यथा नमूद नसल्यास

(स्मृतिव्याख्यानमालेत दिलेल्या व्याख्यानाची लिखित संहिता)



या व्याख्यानमालेत आजवर इतिहासावर, संतसाहित्यावर, पाणीप्रश्नावर बोललं गेलं. संयोजकांनी मला विषय विचारला तेव्हा मी म्हटलं, "फंक्शनल इंटरफेस आणि डिफॉल्ट मेथड." फोन कट झाला की काय, असं मला वाटलं. मग पलीकडून प्रश्न आला, "पत्रिकेत मराठीत काय छापू?" म्हटलं, "अन्यथा नमूद नसल्यास, एवढंच छापा." ही व्याख्यानमाला ज्यांच्या स्मृतीत भरते, त्या आमच्या सरांच्या विद्यार्थ्यांना हे शब्द कुठले ते सांगायला नको. भौतिकशास्त्राच्या प्रत्येक चाचणीच्या कागदावर, सूचनांच्या शेवटी, सरांच्या अक्षरात एक ओळ असायची: अन्यथा नमूद नसल्यास गुरुत्वत्वरण ९.८ घ्यावे. चंद्रावरचं गणित असेल तर सर तिथे वेगळा आकडा देत. दिला नाही, तर ९.८. आज मी बोलणार आहे ते या ओळीबद्दलच. फक्त उदाहरणं माझ्या धंद्यातली आहेत.

सुरुवात मात्र हजेरीपटापासून करतो. सरांच्या निवृत्तीच्या आदल्या वर्षी कॉलेजनं याद्या संगणकावर काढायला घेतल्या. मला तेव्हा नोकरीला लागून काही वर्षं झाली होती. सरांनी घरी बोलावलं, चहा व्हायच्या आधी यादी समोर टाकली आणि म्हणाले, "काळे कुठे बसवलाय बघ." काळे हा कावरे, काशीद आणि कासार या तिघांच्याही वर होता. क्षीरसागर तर खरेच्या आधी येऊन बसला होता. सर म्हणाले, "ळ हा ह-नंतर येतो. पहिलीतल्या पोराला विचार."

सरांचं बरोबर होतं आणि संगणकाचंही चुकलं नव्हतं. युनिकोडमध्ये प्रत्येक अक्षराला एक क्रमांक असतो आणि त्या तक्त्यात ळ हा ल-च्या लगेच पुढे आहे, व-च्या आधी. क्ष हे तर तिथे स्वतंत्र अक्षरच नाही. क, हलन्ताचं चिन्ह आणि ष अशी ती तीन क्रमांकांची माळ आहे. त्यामुळे क्षीरसागर क-च्या घरात शेवटच्या खोलीत राहतो, आणि ख त्याच्यानंतर सुरू होतो. संगणक क्रमांक बघून नावं लावतो. आपल्या वर्णमालेचा क्रम त्याला कुणीतरी सांगावा लागतो.

मी घरी आलो आणि जावा या प्रोग्रामिंगच्या भाषेत ते सांगायला बसलो. जावामध्ये नावं क्रमानं लावायचं काम आयतं मिळतं. किती नावं आहेत, कुठलं कुणाशी ताडून पाहायचं, कमीत कमी खटपटीत यादी कशी लावायची, हे सगळं तिला येतं. ती आपल्याला एकच प्रश्न विचारते: ही दोन नावं, यातलं आधी कुठलं? आपण ऋण आकडा दिला तर पहिलं आधी, धन दिला तर दुसरं आधी, शून्य दिलं तर दोघं सारखे. माझं उत्तर ठरलेलं होतं. ळ, क्ष, ज्ञ यांना ह-च्या पुढे ढकला, बाकी आहे तसं राहू द्या.

पण हे उत्तर जावाला नुसतं देता येत नव्हतं. इथे थोडं मागे जायला हवं.

जावा सन मायक्रोसिस्टिम्समध्ये जेम्स गॉस्लिंग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी घडवली. तिची पहिली आवृत्ती जानेवारी १९९६ मध्ये बाहेर पडली. ही भाषा वस्तूंची, म्हणजे ऑब्जेक्टांची. व्याकरणाच्या भाषेत सांगायचं तर या राज्यात नामांना मान होता आणि क्रियापदांना एकट्यानं फिरायची मुभा नव्हती. धावणे ही क्रिया कुणाला द्यायची असेल, तर आधी 'धावणारा' उभा करायचा आणि तो द्यायचा. मराठीत आपण धातुसाधितं करतो तसंच हे. म्हणून जावाच्या ग्रंथालयात, म्हणजे लायब्ररीत, 'रनेबल' आहे, 'कॉलेबल' आहे, 'कंपॅरेटर' म्हणजे 'तुलना करणारा' आहे. हे सगळे इंटरफेस. इंटरफेस हा एक करारनामा असतो. त्यात तेव्हा कामांची नावं असत, काम कसं करायचं ते नसे. जो क्लास, म्हणजे वस्तू घडवायचा साचा, करारावर सही करी, तो ती सगळी कामं स्वतः लिहून देई.

तर मला 'तुलना करणारा' जन्माला घालावा लागला. १९९७ मधल्या जावा १.१ पासून त्यासाठी बिननावाचा क्लास लिहायची सोय होती, म्हणजे बारसं टळलं होतं. पण बाळंतपण होतंच. पहिली ओळ: नवा कंपॅरेटर, कंस उघडा. दुसरी: तुलना नावाचं काम, दोन नावं येणार, आकडा परत जाणार, कंस उघडा. तिसरी: माझं उत्तर. चौथी, पाचवी: कंस बंद करा. पाच ओळींत माझ्या डोक्यातली एकच. बाकी चार ओळी म्हणजे अर्जावरचा 'महोदय, वरील विषयास अनुसरून'.

मी मात्र नावाचाच क्लास लिहिला, कारण सरांची यादी दरवर्षी लागणार होती. यादी छापून नेली. सरांनी बोट ठेवून वरपासून खालपर्यंत वाचली, क्षीरसागरपाशी थांबले आणि म्हणाले, "ठीक." सरांकडून 'ठीक' म्हणजे डिस्टिंक्शन.

तेव्हा जगभरचे जावावाले याच चार ओळींवरून भांडत होते. २००६ च्या सुमारास एक प्रस्ताव आला. त्यावर ब्राखा, गाफ्टर, गॉस्लिंग आणि आहे अशा चौघांची नावं होती. (हसू नका, पीटर फॉन डेर आहे हे खरोखरचे गृहस्थ आहेत.) त्यांचं म्हणणं: क्रियेला स्वतःचा प्रकार द्या, भाषेत फंक्शन ही नवी जात आणा. जॉश ब्लॉक आणि मंडळींचा प्रतिप्रस्ताव असा: एवढं कशाला, बिननावाचा क्लास थोडक्यात लिहायची सोय करा, पुरे. वाद काही वर्षं चालला. २०१० मध्ये ओरॅकलनं सन विकत घेतली, ब्रायन गोएट्झ यांच्या नेतृत्वाखाली 'लॅम्डा' प्रकल्प पुढे गेला आणि १८ मार्च २०१४ रोजी जावा ८ आली. लॅम्डा हे नाव अलोन्झो चर्च या गणितज्ञाच्या १९३० च्या दशकातल्या कामातून आलेलं. तो इतिहास मोठा आहे, आज सोडतो.

गोएट्झ आणि मंडळींनी जे केलं ते मला फार आवडतं, कारण त्यात शोधापेक्षा ओळख जास्त होती. त्यांनी जुन्या करारांकडे पाहिलं. रनेबल: एकच कलम. कंपॅरेटर: लिहून द्यावं असं एकच कलम. बटण दाबल्यावर काय करायचं ते सांगणारे करार: एकच कलम. म्हणजे क्रियेचा प्रकार भाषेत अठरा वर्षं होताच, त्याला नाव नव्हतं. त्यांनी नाव दिलं, फंक्शनल इंटरफेस. आपल्याकडे एककलमी कार्यक्रम म्हणतात, तसा हा एककलमी करार. नियम केला की जिथे एककलमी करार अपेक्षित आहे, तिथे नुसती क्रिया, म्हणजे लॅम्डा, दिली तरी चालेल. कलम एकच आहे, त्यामुळे ही क्रिया कुठल्या कलमाचं उत्तर हे विचारावंच लागत नाही. माझ्या पाच ओळींची एक झाली.

याचा परिणाम जवळून पाहा. 'थ्रेड' हा क्लास १९९६ च्या पहिल्या आवृत्तीपासून आहे. त्याला एक रनेबल द्यायचा, तो वेगळ्या धाग्यावर, म्हणजे बाकीच्या कामाला समांतर, चालवतो. तो लिहिणाऱ्याला लॅम्डा ठाऊक असण्याचं कारण नव्हतं. तरी २०१४ मध्ये त्याला लॅम्डा दिला आणि त्यानं तो निमूट चालवला. भाषेत नवी जात आणली असती, तर सगळ्या जुन्या दारांना नवी कुलपं बसवावी लागली असती.

किंमतही पडली. क्रियेला स्वतःचा सर्वसाधारण प्रकार नसल्यामुळे प्रत्येक आकाराच्या क्रियेला नावाचा करार लागतो. एक घेऊन एक देणारी 'फंक्शन', हो-नाही सांगणारी 'प्रेडिकेट', घेऊन काही न देणारी 'कन्झ्युमर', न घेता देणारी 'सप्लायर'. पूर्णांकांसाठी वेगळ्या, दशांशांसाठी वेगळ्या. त्यांच्यासाठी केलेल्या खास पेटीत ४३ करार भरले. मुलाखतीला आलेली मुलं ते पाठ करून येतात. मला अजून सगळे सांगता येत नाहीत.

आता दुसरा अर्धा भाग, आणि तो माझ्या एका पापापासून सांगतो. कंपनीचं नाव घेत नाही, पण पाप माझंच होतं. आमच्या गटानं एक छोटी लायब्ररी लिहिली होती, तीत एक इंटरफेस होता. एका शुक्रवारी संध्याकाळी मी त्या इंटरफेसमध्ये एक मेथड, म्हणजे करारातलं एक काम, वाढवली. आमचे दोन क्लास त्या करारावर सही करणारे, दोन्ही दुरुस्त केले, चाचण्या हिरव्या झाल्या, घरी गेलो. सोमवारी दुसऱ्या शहरातल्या एका गटाचा प्रोग्राम मधेच कोसळला. ॲबस्ट्रॅक्ट मेथड एरर. त्यांनीही माझ्या करारावर सही केली होती, वर्षभरापूर्वी, मला न विचारता. विचारायचं कारणच नव्हतं, करार जाहीर होता. त्यांचा क्लास जुन्या कराराप्रमाणे बांधलेला. माझ्या नव्या लायब्ररीनं त्याला नवं काम सांगितलं आणि त्याच्याकडे ते नव्हतं. फोनवरच्या बाईंनी शांतपणे विचारलं, "तुम्ही आम्हाला मोजलंच नव्हतं का?" नव्हतंच मोजलं. मला ती माणसं असल्याचंही माहीत नव्हतं.

हेच मोठ्या प्रमाणावरही झालंय. डिसेंबर २००६ मध्ये जावा ६ आली, तेव्हा डेटाबेसशी जोडणी करणाऱ्या 'कनेक्शन' या इंटरफेसमध्ये नव्या मेथड आल्या. त्यांतल्या काहींना लागणारे प्रकार जुन्या जावात अस्तित्वातच नव्हते. म्हणजे एकच मजकूर जुन्या आणि नव्या दोन्ही जावांवर बांधता येईना. अपाची कॉमन्सच्या डीबीसीपी या लायब्ररीला जुन्यांसाठी १.३ आणि नव्यांसाठी १.४ अशा दोन आवृत्त्या काढाव्या लागल्या.

आता २०१४ च्या मंडळींची अडचण लक्षात घ्या. लॅम्डा दिला, पण तो घ्यायचा कुणी? याद्या, संच, कोश हे सगळे १९९८ मध्ये आलेल्या कलेक्शन्सच्या करारांवर उभे. त्या करारांत 'प्रत्येकासाठी हे कर', 'ही अट लागू होणारे काढून टाक', 'यातून प्रवाह सोड' अशी कलमं नव्हती. ती घालावीत, तर जगात ज्यानं ज्यानं स्वतःची यादी लिहिली आहे त्याचा सोमवार माझ्या सोमवारासारखा होणार. न घालावीत, तर लॅम्डा ही शोकेसमधली चांदीची भांडी.

पळवाटा होत्या. जुन्या कराराशेजारी नवा करायचा आणि नावापुढे २ लावायचा. पडद्यावर बटणं मांडणाऱ्या 'लेआउट मॅनेजर'ला शेजारी 'लेआउट मॅनेजर २' असा भाऊ आहे, आजही. मायक्रोसॉफ्टच्या सी शार्पनं २००७ मध्ये आणखी एक वाट काढली होती: नवी कामं कराराबाहेर लिहायची आणि कराराची असल्यासारखी हाक मारायची. छान दिसतं, पण सही करणाऱ्याला आपली वेगळी पद्धत सांगता येत नाही, तो त्या कामाचा मालकच नसतो. (२०१९ मध्ये सी शार्पनंही जावाची वाट धरली.)

जावानं काय केलं? करारातच नवं कलम घातलं आणि खाली लिहिलं: हे काम तुम्ही लिहून दिलं नसेल, तर असं करावं. अन्यथा नमूद नसल्यास ९.८. ही डिफॉल्ट मेथड.

सभागृहात वकील मंडळी दिसतायत, त्यांना यात नवल वाटणार नाही. भारतीय भागीदारी कायदा, १९३२, कलम १३. भागीदारांमध्ये वेगळा करार नसेल, तर नफा समान वाटायचा आणि तोटाही समान सोसायचा. दोन मित्रांनी दुकान काढलं, कागदावर हिस्सा लिहिला नाही, तरी दुकान बेकायदा ठरत नाही. लिहिला असेल, तर लिहिलेलं चालतं. जावाचा पहिला नियम नेमका हाच आहे: क्लासनं स्वतः लिहिलेलं किंवा पूर्वज क्लासकडून आलेलं काम नेहमी डिफॉल्टच्या वर. त्यामुळे तुमच्या क्लासमध्ये योगायोगानं त्याच नावाचं आणि त्याच घडणीचं काम आधीपासून असेल, तर डिफॉल्ट त्याला हात लावत नाही.

जावा ८ आल्यावर मी गंमत म्हणून सरांच्या यादीचा जुना क्लास काढला. त्याला हात लावला नाही, पुन्हा बांधलाही नाही. नव्या प्रोग्राममधून त्यालाच सांगितलं, उलटा हो. यादी ज्ञ-पासून अ-पर्यंत आली. मग म्हटलं, आडनाव सारखं असेल तर नावावरून लाव. तेही केलं. मी हे त्याला कधी शिकवलं नव्हतं. कंपॅरेटरच्या करारात 'उलट' आणि 'त्यानंतर' ही कलमं डिफॉल्टसकट आली होती, आणि दोन्ही डिफॉल्ट शेवटी माझ्या त्या एकाच कामाला हाक मारत होती. उलट म्हणजे काय? दोन नावांची अदलाबदल करून मला विचारणं.

आणि हे सगळं येऊनही कंपॅरेटर एककलमीच राहिला, कारण मोजताना डिफॉल्ट धरत नाहीत. लिहून द्यावंच लागतं असं कलम एकच. म्हणून मी या दोन गोष्टी वेगवेगळ्या शिकवत नाही. डिफॉल्ट नसते तर लॅम्डाला घर मिळालं नसतं, आणि डिफॉल्ट मोजले असते तर घर मिळताच त्याचं एककलमीपण गेलं असतं.

दोन करारांनी एकाच नावाचं डिफॉल्ट दिलं तर? आईकडे पुरणपोळी दुधाशी, वडिलांकडे कटाच्या आमटीशी. एक करार दुसऱ्याचाच विस्तार असेल तर जवळचा जिंकतो. दोघं स्वतंत्र असतील, तर प्रोग्राम बांधणारा कम्पायलर स्वतः काही ठरवत नाही. थांबतो आणि सांगतो, तुमचं तुम्ही लिहा. इंटरफेसला स्वतःची साठवण नसते, त्यामुळे भांडण कृतीपुरतं राहतं, इस्टेटीचं होत नाही.

इथपर्यंत ऐकून हा प्रकार निर्धोक वाटेल. तो तसा नाही. 'अट लागू होणारे काढून टाक' या कामाचं डिफॉल्ट अगदी सरळ आहे: एकेक घटक पाहा, अट लागू झाली तर काढा. पण अपाची कॉमन्सच्या कलेक्शन्समध्ये असा एक संग्रह होता, ज्याचं सगळं मोल कुलपात होतं. अनेक धागे एकदम आले तरी प्रत्येक काम आधी कुलूप लावणार, मग हात घालणार. २०१४ मध्ये त्याच्या अंगावर एक नवं काम आलं, आणि त्या कामाला कुलपाचा पत्ता नव्हता. बांधताना तक्रार नाही, चालवताना पहिल्या दिवशी तक्रार नाही. दोन धागे एकाच वेळी आले की घोळ. हे उदाहरण जॉश ब्लॉक यांनी 'इफेक्टिव्ह जावा'च्या तिसऱ्या आवृत्तीत दिलं आहे. कलेक्शन्सचे करार १९९८ मध्ये ज्यांनी आखले ते हेच ब्लॉक. त्यांचा सल्ला असा की डिफॉल्ट आहे म्हणून जुन्या करारात कलमं वाढवत सुटू नका. करार जाहीर करण्याआधीच नीट विचार करा.

मला ब्लॉक पटतात, पण अर्धेच. भागीदारीचा कायदाही दुकानात बारा तास कोण उभा असतो ते पाहत नाही. म्हणून काही तो रद्द करत नाही कुणी. मात्र डिफॉल्ट लिहिणाऱ्यानं हे ओळखून असावं की तो अनोळखी माणसाच्या घरातलं काम त्याच्या गैरहजेरीत ठरवतो आहे. कम्पायलर गप्प बसतो याचा अर्थ त्या माणसाची संमती असा होत नाही. माझ्या शुक्रवारच्या चुकीचा निदान आवाज तरी झाला होता.

दोन डिफॉल्टांच्या भांडणाचंही एक उदाहरण देतो. सप्टेंबर २०२३ मध्ये जावा २१ आली. यादी आणि दुतोंडी रांग या दोन्ही करारांना 'उलट करून दे' असं डिफॉल्ट मिळालं. दोन्हींवर सही करणारे क्लास जगात थोडे, पण आहेत. त्यांना कम्पायलरनं अडवलं आणि स्वतःचं लिहायला लावलं. जावाच्या स्वतःच्या 'लिंक्ड लिस्ट'लाही ते लिहावं लागलं.

सर गेले त्या वर्षापर्यंत त्यांच्या गल्लीतल्या गणेशोत्सवाची वर्गणीदारांची यादीही त्याच क्लासमधून निघत होती. परवा व्याख्यानाच्या तयारीसाठी मी ती पुन्हा काढली. आता ते काम एका ओळीच्या लॅम्डात बसतं, पण जुना क्लास मी टाकलेला नाही. युनिकोडचा नियम आहे की एकदा दिलेला क्रमांक बदलायचा नाही, कारण तो कुणीकुणी कुठे वापरलाय हे देणाऱ्याला कळू शकत नाही. ळ-चा क्रमांक षोडशमान पद्धतीत ०९३३ आहे, ल आणि व यांच्या मधला, आणि तो तिथेच राहणार आहे. काळे कासारच्या खाली हवा असेल, तर ते नमूद करावं लागेल.